महिना चाळीस येन

आपल्या थडग्यावर काय कोरायचं, हे मासाओका शिकीने 1898 सालीच ठरवून टाकलं होतं. वय जेमतेम तिशीचं, मणक्यात क्षय शिरलेला, अंगणापर्यंत जायचं तरी कुणीतरी धरावं लागे. एका मित्राला त्याने मजकूरच लिहून पाठवला. आधी मूळ नाव, मग एकापाठोपाठ एक टोपणनावं. जन्म इयो प्रांतातल्या मात्सुयामाचा, वास्तव्य तोक्योतल्या नेगिशीत. वडील मात्सुयामाच्या सरदाराच्या पदरी होते, ते वारले आणि आईने वाढवलं. 'निप्पोन' वृत्तपत्रात नोकरी. मृत्यूची तारीख घालायला जागा कोरी. आणि सगळ्यात शेवटी, पगार : महिना चाळीस येन. याउपर एक अक्षर जरी वाढवलं तरी ते फुकट, अशी तंबीही सोबत होती.

तोक्योच्या तबाता भागात दाइर्यूजी नावाच्या मंदिरात त्याचं थडगं आहे. शेजारीच हा मजकूर वाचायला मिळतो. त्यात हायकूचं नाव नाही. कवी म्हणूनही उल्लेख नाही. वीस हजारांहून अधिक हायकू लिहिलेल्या आणि मुळात हायकूला आजचं नाव व स्वतंत्र अस्तित्व मिळवून देणाऱ्या माणसाने जाताना नोंद ठेवली ती पगाराची.

हायकू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं, ते निराळं सांगायला नको. डोंगरातली कुटी, जुनं तळं, एखादा भिक्षू आणि भरपूर शांतता. मराठीत शिरीष पै यांनी 1970च्या दशकात हा प्रकार आणला, रुजवला आणि पुढे त्याची लाट आली, तेव्हाही तीन ओळींभोवती हेच ध्यानस्थ वलय राहिलं. गंमत अशी की शिरीषताईंची स्वतःची जडणघडण आचार्य अत्र्यांच्या घरात आणि 'मराठा'च्या कचेरीत झाली होती. रोटरी छपाईच्या धडधडाटात शांतता कुठली? माझं म्हणणं एवढंच आहे की हायकू आज ज्या रूपात जगभर गेला, तो कुटीतून निघालेला नाही. तो वृत्तपत्राच्या कचेरीतून निघाला. रोजचा मजकूर, संपादकाची मर्जी, घरभाडं आणि वाचकांशी भांडणं यांतून तो घडला, आणि शिकीची कारकीर्द पाहिली की हे चांगलंच कळतं.

ही कारकीर्द सुरू झाली ती नापास होण्याने. वडील लहानपणीच गेलेले. आजोबा कन्फ्यूशियसच्या परंपरेतले पंडित, त्यांच्याकडे चिनी ग्रंथांचं शिक्षण झालं. 1883 साली मामाच्या बोलावण्यावरून पोरगा तोक्योला आला. बेसबॉलचं वेड लागलं, अभ्यासाची पुस्तकं वाचली तेवढीच बाहेरचीही वाचली, आणि 1889च्या मे महिन्यात पुष्कळ रक्त पडलं. त्या रात्री त्याने होतोतोगिसु या पक्ष्यावर डझनावारी कविता लिहिल्या. हा आपल्या पावश्याच्या कुळातला पक्षी. गाता गाता त्याच्या गळ्यातून रक्त येतं, अशी जुनी समजूत आहे. 'शिकी' हे त्या पक्ष्याचंच दुसरं नाव, ते त्याने घेतलं. क्षयाची खूण दिसल्याबरोबर माणूस त्यावरून टोपणनाव घेतो, याला काय म्हणावं? तरुणपणीची ऐट म्हणा हवं तर. पण पुढची तेरा वर्षं ही ऐट त्याने निभावली.

इम्पीरियल विद्यापीठात आधी तत्त्वज्ञान, मग जपानी साहित्य. दोन्हींत मन नाही. 1892च्या सुरुवातीला त्याने एक कादंबरी लिहून कोदा रोहान या तेव्हाच्या नावाजलेल्या कादंबरीकाराला दाखवली. रोहानने फारसा उत्साह दाखवला नाही, आणि शिकीने कादंबरीकार होण्याचा नाद सोडला. उन्हाळ्यात परीक्षाही गेली. पण त्याच उन्हाळ्यात 'निप्पोन'मध्ये हायकूवरची त्याची लेखमाला सुरू झाली होती, आणि डिसेंबरात तो तिथे नोकरीला लागला. पगार पंधरा येन. त्या भरवशावर त्याने मात्सुयामाहून आईला आणि बहीण रित्सूला तोक्योला आणलंही होतं. पंधरा येनात तीन माणसं! दुसऱ्या पत्रांत जास्त पैसे मिळाले असते. पण कितीशे येन दिले तरी तसल्या पत्रात जायचं नाही, असं त्याने मामाला कळवून टाकलं.

'निप्पोन'चे संपादक कुगा कात्सुनान म्हणजे तत्त्वाला चिकटून राहणारे राष्ट्रवादी गृहस्थ. सरकारच्या रोषामुळे पत्रावर वारंवार बंदी यायची. 'केसरी'च्या वाचकांना हे वातावरण नव्याने समजावून द्यायला नको. काळही तोच. कुगा हे शिकीचे साहेब तर होतेच, शिवाय नेगिशीत शेजारीही होते, आणि पुढे त्याच्या आजारपणात घरच्यासारखे धावून आले. पत्रावर बंदी आली तरी वाचक तुटू नयेत आणि घरातल्या बायामुलांनाही वाचता यावं, म्हणून 1894च्या फेब्रुवारीत त्यांनी 'शो-निप्पोन', म्हणजे छोटं निप्पोन, हे जोडपत्र काढलं आणि त्याची जबाबदारी सव्वीस वर्षांच्या शिकीवर टाकली. पैशाअभावी जुलैत ते बंद पडलं.

पाच महिन्यांचा हा उद्योग फसला म्हणून सोडून देता येत नाही. या पत्राला चित्रं हवी होती, म्हणून नाकामुरा फुसेत्सु हा चित्रकार शिकीच्या टेबलासमोर येऊन बसला. फुसेत्सु पाश्चात्त्य पद्धतीने चित्रं काढणारा. समोर वस्तू ठेवायची, बघायचं आणि जे दिसतं ते काढायचं. शिकीचा जीव जुन्या जपानी चित्रांत. दोघांचे वाद झाले आणि शेवटी शिकी पटला. त्या शरद ऋतूत तो हातात वही आणि शिसपेन्सिल घेऊन नेगिशीच्या आसपासच्या शेतांतून फिरू लागला आणि पाहील ते टिपू लागला. वस्तू पाहून जशीच्या तशी उतरवायची, ही जी 'शासेइ'ची भूमिका पुढे आधुनिक हायकूचा पाया ठरली, ती अशी एका बुडालेल्या जोडपत्राच्या चित्रविभागातून आली. बातमीदारही दुसरं काय करतो?

अर्थात बातमीदाराला भांडताही आलं पाहिजे. 1893 साली जुना थोर हायकू-कवी बाशो याची दोनशेवी पुण्यतिथी पाळली जात होती आणि गावोगावचे हायकू-गुरू त्याची देवळं बांधण्यात गुंतले होते. शिकीने नेमका तोच मुहूर्त साधला. बाशोच्या हजारभर कवितांपैकी चांगल्या म्हणाव्यात अशा दोनशेच्या आसपास, बाकीच्या सामान्य किंवा टाकाऊ, असं त्याने 'निप्पोन'मध्ये लिहून टाकलं. पुढे 1897 साली बुसोन या मागे पडलेल्या कवीला उचलून बाशोच्या शेजारी बसवलं. 1898च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मोर्चा तांका या जुन्या काव्यप्रकाराकडे वळला. दहा हप्त्यांत त्याने सांगितलं की हजार वर्षं दरबारी कवी ज्याची पूजा करत आले तो त्सुरायुकी भिकार कवी आहे, आणि त्याने संपादिलेला 'कोकिनशू' हा संग्रह कवडीमोल आहे. ही भाषा विद्वत्तेची नाही, ती अग्रलेखाची आहे. अत्र्यांना शिकी आवडला असता. टीका करताना त्याने जुने हायकू वाचलेच नव्हते असं मात्र नाही. वर्षानुवर्षं खपून त्याने हजारो जुन्या हायकूंची विषयवार, ऋतुवार वर्गवारी केली होती. शिवी द्यायच्या आधी त्याने एवढा गृहपाठ केला होता.

युद्ध मात्र त्याला लाभलं नाही. चीन-जपान युद्ध पेटल्यावर सगळे बातमीदार निघाले, तेव्हा क्षयाच्या या रोग्यानेही हट्ट धरला. मित्र नको म्हणत होते, डॉक्टर नको म्हणत होते. 1895च्या 10 एप्रिलला त्याचं जहाज हिरोशिमाजवळच्या बंदरातून सुटलं आणि 17 एप्रिलला शिमोनोसेकीला तहावर सह्या झाल्या. म्हणजे युद्धवार्ताहर पोचतो आहे तोवर युद्ध संपलेलं. महिनाभर तो जिनझोउ आणि पोर्ट आर्थरच्या परिसरात हिंडला. लष्कराने बातमीदारांना साध्या शिपायासारखं वागवलं, झोपायला धड जागा दिली नाही, याचा संताप त्याने परतल्यावर जाहीर लिहून काढला. पदरात पडलेली चांगली गोष्ट एकच. सैन्यात डॉक्टर असलेला लेखक मोरी ओगाइ त्याला तिथे भेटला आणि दोघांनी हायकूवर गप्पा मारल्या.

परतीच्या बोटीवर पुन्हा रक्त पडू लागलं. त्यात बोटीवर कॉलरा निघाला, त्यामुळे किनारा दिसत असूनही उतरता येईना. कोबेच्या बंदरावर त्याला उतरवलं ते स्ट्रेचरवरून थेट इस्पितळात नेण्यासाठी. तो पुन्हा पूर्ण बरा असा कधीच झाला नाही.

त्या वर्षाची अखेर मात्र गमतीची आहे. थोडं सावरल्यावर तो मात्सुयामाला गेला. तिथे त्याचा विद्यार्थिदशेतला मित्र नात्सुमे सोसेकी शाळेत मास्तर होता. शिकीने बावन्न दिवस त्याच्याकडेच मुक्काम ठोकला. खाली शिकी, वर सोसेकी. खालच्या मजल्यावर गावातली पोरं जमायची, हायकूंची बैठक रंगायची आणि वर सोसेकीला पुस्तक वाचणं अशक्य व्हायचं. अखेर तोही खाली येऊन बसू लागला. शिकी खुशाल बाहेरून भाजलेली ईल मासळी मागवून खायचा आणि बिल मित्राच्या माथी. निघताना दहा येन उसने घेतले आणि नारामधून कळवलं की ते इथे खर्च झाले. सोसेकीनेच हे पुढे सांगितलं आहे, आणि सांगताना त्याला राग आलेला दिसत नाही.

त्या दहा येनांचं काय झालं, हे मात्र अख्ख्या जपानला माहीत आहे. नारातल्या त्या मुक्कामातून पर्सिमन फळ आणि होर्यूजी मंदिराची घंटा यांवरचा त्याचा सर्वांत प्रसिद्ध हायकू निघाला. तो 8 नोव्हेंबर 1895ला मात्सुयामाच्या 'काइनान शिंबुन' या स्थानिक पत्रात छापून आला. आज जपानी शाळकरी पोरांना तो पाठ असतो. पण 1901 साली फळांवर लिहिलेल्या एका लेखात शिकीने त्या रात्रीची हकीकत दिली आहे, ती जरा वेगळी आहे. नाराच्या खाणावळीत त्याने पर्सिमन मागितलं. मोलकरणीने मोठं भांडं भरून फळं आणली आणि समोर बसून एकेक सोलून देऊ लागली. शिकी फळाकडे कमी आणि खाली मान घालून सोलणाऱ्या त्या मुलीकडे जास्त बघत होता. तेवढ्यात घंटा वाजली. ही कुठली, असं विचारल्यावर मुलगी म्हणाली, तोदाइजीची.

तोदाइजीची! होर्यूजी तिथून कितीतरी लांब. तिथे तो गेला तो नंतर. जसं दिसतं तसंच लिहा असं सगळ्यांना बजावणाऱ्या माणसाने स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या ओळीत मंदिर बदललं असावं, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. मला यात फसवणूक दिसत नाही. होर्यूजीभोवतीची ती खेडी, पर्सिमनची झाडं, शरदातलं ऊन, हे सगळं तोदाइजीच्या भव्यतेत मावलं नसतं. मुलगीही वगळली गेली, हे मात्र जरा वाईट झालं.

नेगिशीतलं त्याचं घर आज संग्रहालय आहे. उगुइसुदानी स्थानकातून बाहेर पडून तिथे जाताना वाटेत तासाच्या हिशेबाने खोल्या देणाऱ्या हॉटेलांच्या पाट्या दिसत राहतात. त्या गल्लीबोळांत हे बुटकं लाकडी घर. अंगणाकडे तोंड करून खोली, खोलीपुढे काचेची दारं. अंगणात मांडवावर घोसाळ्याचा वेल. खोलीत एक ठेंगणं मेज आहे, त्याच्या फळीला कडेला चौकोनी खाच पाडलेली. शिकीचा डावा पाय आखडून उभाच राहिला होता. गुडघा आत घेता यावा म्हणून ती खाच. काचेची दारं 1899च्या डिसेंबरात त्याचा शिष्य ताकाहामा क्योशीने बसवून दिली. तोवर कागदी दारं होती. थंडीत ती लावली की बाहेरचं काही दिसायचं नाही, उघडली की वारा. काच आल्यावर अंथरुणावर पडल्या पडल्या अंगण दिसू लागलं. म्हणजे शेवटच्या तीन वर्षांतलं त्याचं वार्तांकनाचं सगळं क्षेत्र त्या काचेमागे होतं.

हा क्योशी मोठा मजेदार शिष्य. 1895च्या डिसेंबरात दोकानयामा टेकडीवरच्या चहाच्या टपरीत शिकीने त्याला गळ घातली होती, माझा वारस हो, अभ्यास कर. क्योशीने सरळ नाही म्हणून सांगितलं. शिकी पार खचला. पण 1897 साली मात्सुयामात तीनशे प्रतींनी सुरू झालेलं 'होतोतोगिसु' मासिक डबघाईला आलं तेव्हा तोक्योला आणून ते चालवलं याच क्योशीने. 1898च्या ऑक्टोबरात तोक्योच्या पहिल्या अंकाच्या दीड हजार प्रती काढल्या आणि त्या खपल्या. व्यवहार त्याला कळत होता. शिकी गेल्यावर 1905 साली त्याच मासिकात सोसेकीची मांजराच्या तोंडून सांगितलेली कादंबरी सुरू झाली. शाळामास्तरचा कादंबरीकार झाला तो असा, हायकूच्या मासिकात. 'होतोतोगिसु' आजही निघतं.

मधेच सांगून टाकतो, बेसबॉलचं काय झालं ते. विद्यार्थी असताना शिकी कॅचर म्हणून खेळायचा. 1896च्या जुलैत, कंबर पुरती धरलेली असताना, त्याने 'निप्पोन'मधल्या सदरात या खेळाचे नियम समजावून दिले. फलंदाज, धावणारा, उंच उडालेला चेंडू अशा गोष्टींसाठी त्याने घडवलेले जपानी शब्द आजही समालोचनात ऐकू येतात. 2002 साली, मृत्यूच्या शंभराव्या वर्षी, त्याला जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. उएनो बागेतल्या मैदानालाही त्याचं नाव आहे.

आता अंथरुणाकडे येऊ. 1901च्या सप्टेंबरात त्याने एक खासगी वही सुरू केली. ती छापण्यासाठी नव्हती, त्यामुळे त्यात सगळं आहे. सकाळी काय खाल्लं, दुपारी काय, रात्री काय. भाताच्या पेजेच्या किती वाट्या, बोनिटो माशाचे कच्चे काप, खारवलेले आलुबुखार, कोको घातलेलं दूध, गोड पाव, नासपती. हगणं, पट्टी बदलणं, पट्टी बदलताना ओरडणं. मरणाच्या दारातला माणूस एवढा खातो कसा, असं वाचताना वाटत राहतं. आणि मग हिशेब. 'निप्पोन'चे चाळीस, 'होतोतोगिसु'चे दहा, मिळून पन्नास येन. घरभाडं साडेसहा. मासळीवाल्याचे एवढे, दुधाचे एवढे. स्वतःच्या जिभेवर सगळ्यात जास्त खर्च होतो, हे त्याला कळत होतं. त्याने ते लपवलं नाही.

13 ऑक्टोबरला रित्सू आंघोळीला सार्वजनिक न्हाणीघरात गेली होती. शिकीने आईला तार करायला पाठवलं. घरात कुणी नाही. समोर दौतीची पेटी, तिच्यात एक बोथट चाकू आणि कागदाला भोक पाडायची टोचणी. उचलू का? चाकूने गळा कापला जाईल का? टोचणी छातीत कुठे खुपसली तर एका दमात काम होईल? मरणाची भीती नव्हती, अर्धवट राहिलं तर होणाऱ्या वेदनेची होती. विचार करता करता हुंदके आले आणि तेवढ्यात आई परतली. हे सगळं त्याने क्रमाने लिहिलं आणि मग खाली त्या चाकूचं आणि टोचणीचं चित्र काढलं. शेजारी एक ओळ आहे, सहा वर्षांपूर्वी पिस्तुलाने जीव दिलेला मावसभाऊ बोलावतो आहे, अशा अर्थाची. फुसेत्सुने शिकवलेली नजर त्या चित्रातही आहे. मुठीची जाडी, पात्याचा बोथटपणा, सगळं नीट बघून काढलेलं.

लोकांसाठी लिहिणं वेगळं चालू होतं. 1901च्या जानेवारी ते जुलै एक रोजचं सदर झालं. एका बुडवलेल्या कुंचल्यात मावेल तेवढंच लिहायचं, कधी एक ओळ तर कधी वीस. मग 5 मे 1902पासून शेवटचं सदर. त्याचा विषय म्हणजे त्या सहा फुटी अंथरुणातून दिसेल ते. बाग, फळं, चित्रं, स्वयंपाकघराची मांडणी, बायकांचं शिक्षण, जुने कवी, औषधं. 'निप्पोन'चा पत्ता रोज लिहायचा कंटाळा येतो म्हणून त्याने पत्ता छापलेली तीनशे पाकिटं मागवून घेतली होती. शंभरावा हप्ता झाला तेव्हा त्याने वाचकांनाच सांगितलं, दोनशे पाकिटं उरली आहेत. दोनशे दिवस म्हणजे अर्ध्या वर्षाहून जास्त, तोवर प्लमला मोहर येईल, तो बघायला मी असेन का?

एकदा रोग्याला जरा विसावा मिळावा म्हणून कचेरीतल्यांनी एका दिवशी सदर घातलं नाही. शिकीने संपादकाला चिठ्ठी धाडली. सकाळी उठलं की मरावंसं वाटतं, मग पेपर उघडून आपलं सदर बघितलं की थोडा जीव येतो. आज ते नव्हतं, मी रडलो. जागा नसेल तर थोडं छापा, अर्धं छापा, पण छापा. ज्याने ज्याने म्हणून सदर चालवलं आहे, त्याला ही चिठ्ठी कळेल. 17 सप्टेंबरला 127वा हप्ता छापून आला. 18ला सकाळी रित्सूने फळीवर डकवलेला कागद समोर धरला, शिष्य हेकिगोतोने कुंचला भिजवून हातात दिला, आणि त्याने अंगणातल्या घोसाळ्यावर तीन हायकू लिहिले. घोसाळ्याच्या वेलाचं पाणी कफावरचं औषध म्हणून घ्यायची तिथे रीत होती. मध्यरात्रीनंतर, 19च्या पहाटे, तो गेला. वय चौतीस.

रित्सूबद्दल त्याच्या त्या खासगी वहीत वाकडं पुष्कळ लिहिलेलं आहे. दोनदा लग्न मोडून माहेरी आलेली ही बहीण. हट्टी, लाकडासारखी, दगडासारखी, माया नसलेली, असे शब्द तिच्यासाठी आहेत. आणि लगेच पुढे हिशेबी कबुलीही आहे. ती परिचारिका आहे, स्वयंपाकीण आहे, घर सांभाळते, लेखनाच्या स्वच्छ नकला करते, ती नसती तर मी एक दिवस जगलो नसतो. भाड्याच्या परिचारिकेला द्यावं लागेल त्याचा दहावा हिस्साही तिच्यावर खर्च होत नाही. स्वतःला मासळी लागत नाही, लोणच्यावर भागवते.

भाऊ गेल्यावर रित्सूने तिशी उलटलेली असताना मुलींच्या व्यावसायिक शाळेत नाव घातलं, शिवणकाम शिकली आणि तिथेच शिक्षिका झाली. पुढे आईच्या दुखण्यामुळे नोकरी सोडली, तेव्हा नेगिशीच्या घरात ती मुलींना शिवण शिकवू लागली. 1941 साली वारली. चार वर्षांनी बॉम्बहल्ल्यात घर जळालं. 1950 साली ते पुन्हा होतं तसं बांधलं. कागदपत्रं ठेवायची जाड भिंतींची कोठी तेवढी आगीतून वाचली. भावाची हस्तलिखितं रित्सूने आयुष्यभर सांभाळली होती, आणि तिला दगड म्हणणारी ती पानंही तिच्या हयातीतच छापून आली.